विषाणूला विचारलेला प्रश्न

गर्भाशयाच्या मुखावरून ब्रशने अलगद उचललेल्या पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या की निरोगी पेशी ओळखायला वेळ लागत नाही. ऐसपैस, चपटी, निळसर हिरवी किंवा गुलाबी आणि मधोमध छोटंसं केंद्रक. कर्करोगाची पेशीही सरावलेल्या डोळ्यांपासून सहसा लपत नाही; तिचं केंद्रक फुगलेलं, काळपट, वेडंवाकडं असतं. अडचण होते ती मधल्या पेशींची. केंद्रक जरासं मोठं, कड किंचित गडद, इतकंच. साधी सूज असेल, जंतुसंसर्ग असेल, पाळी थांबण्याच्या वयातला कोरडेपणा असेल, किंवा खरोखरच काहीतरी सुरू झालेलं असेल. अशा वेळी पॅप तपासणीच्या रिपोर्टवर 'ॲस्कस' असा शेरा येतो. बदल दिसतो आहे, पण तो कशामुळे झाला हे पेशीवरून सांगता येत नाही, असं पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिकपणे कळवतात. पुण्यासारख्या शहरात हा रिपोर्ट आता बहुधा मोबाइलवरच येऊन पडतो. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत त्या बाईच्या मनात कर्करोग वस्तीला येऊन गेलेला असतो.

दोष पाहणाऱ्याचा नसतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने याच धूसर रिपोर्टांवर मोठा अभ्यास केला. त्यात ॲस्कस ठरलेल्या काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवल्या, तेव्हा जेमतेम ४३ टक्के पट्ट्यांवर दोघांचं एकमत झालं. काही पट्ट्या दुसऱ्याला अगदी निर्दोष वाटल्या. म्हणजे इथे डोळ्यांची मर्यादाच गाठली गेली होती. पावसाळ्यात भिंतीवर डाग उठला की तो नुसता बघून जुना चुना फुगलाय की वरून पाणी झिरपतंय हे कळत नाही. ओल आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. या पेशींच्या बाबतीत ती ओल म्हणजे एक विषाणू आहे. त्याच्याबद्दल वाचताना आजही मी थक्क होते.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. गोलसर कण, व्यास ५५ नॅनोमीटरच्या आसपास. एका मिलिमीटरच्या रेषेत असे अठरा हजार कण ओळीने बसतील. त्याच्या पोटात डीएनएचं एकच बंद कडं असतं आणि त्यावर सुमारे ८,००० अक्षरं. माणसाच्या डीएनएत ३०० कोटी अक्षरं आहेत. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत. बरेचसे हातापायांवर चामखीळ आणण्यापलीकडे काही करत नाहीत, काही तर तेवढंही करत नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ज्यांचा संबंध आहे असे प्रकार डझनभर, फार तर चौदा. त्यातही १६ आणि १८ या दोन क्रमांकांवर जगातल्या अशा सुमारे ७० टक्के कर्करोगांची जबाबदारी येते.

ग्रीसमधून अमेरिकेत गेलेल्या जॉर्ज पापानिकोलाऊंनी १९२८ मध्ये सुट्या पेशी पाहून कर्करोग ओळखता येतो असं मांडलं आणि १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राऊट यांच्यासह त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्याच नावावरून 'पॅप' आली. पेशी का बिघडते हे मात्र पुढची चाळीस वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. हर्पीसच्या विषाणूवर सगळ्यांचा संशय होता. जर्मनीतले हाराल्ड झुर हाउझेन यांनी तो विषाणू गाठींमध्ये शोधला, तो सापडेना, तेव्हा ते चामखिळीच्या विषाणूंकडे वळले आणि मित्रांच्याही शंका सोसत तिथेच टिकून राहिले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला एचपीव्ही १६ सापडला, पुढच्या वर्षी १८. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या १८ क्रमांकाची एक खूण आजही जिवंत आहे. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकन स्त्री १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. तिच्या गाठीतल्या हेला पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातूनही त्या देशभर जातात. त्या पेशींच्या डीएनएत एचपीव्ही १८ चे तुकडे अजून तसेच आहेत. इतक्या वर्षांत त्या पेशी अगणित वेळा दुभंगल्या, आणि प्रत्येक वेळी विषाणूची ती अक्षरंही त्यांच्याबरोबर उतरत गेली.

हा विषाणू जगतो कसा, ते सावकाश बघण्यासारखं आहे. गर्भाशयमुखावरचं अस्तर थराथरांचं असतं. पेशी तळाच्या थरात जन्मते, वर वर सरकते, चपटी होते आणि शेवटी गळून पडते. डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यातून विषाणू तळाच्या पेशीपर्यंत पोचतो आणि थोडक्या प्रतींनिशी तिथे गप्प राहतो. पेशी वर सरकताना तिचं विभाजन थांबायला हवं. पण विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला पेशीची डीएनए-यंत्रणा चालू हवी असते. म्हणून त्याचं 'ई ७' हे प्रथिन पेशीतल्या विभाजन रोखणाऱ्या प्रथिनाला निकामी करतं. अशा बेशिस्त पेशीने खरं तर स्वतःला संपवायला हवं, आणि तसा आदेश देणारं 'पी ५३' नावाचं प्रथिन आपल्याकडे असतं. त्याची विल्हेवाट विषाणूचं 'ई ६' लावतं. सारी मिळून आठ-एक जनुकं, आणि त्यातली दोन आपल्या दोन सर्वांत सावध पहारेकऱ्यांसाठीच राखून ठेवलेली! वरच्या थरात पोचेपर्यंत पेशीत हजारो प्रती तयार होतात. मग पेशी नेहमीसारखी गळून पडते आणि विषाणू तिच्याबरोबर बाहेर पडतो. त्याने कोणाला मारलं नाही, तो रक्तात उतरला नाही, ताप नाही, वेदना नाही. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला बराच काळ त्याची चाहूलही लागत नाही.

अशा पेशींत केंद्रकाभोवती एक मोकळं, पांढुरकं कडं दिसतं. १९५६ मध्ये लिओपोल्ड कॉस यांनी अशा पेशीला कोयलोसाइट हे नाव दिलं, तेव्हा हे कडं विषाणूमुळे पडतं हे माहीत नव्हतं. पॅप रिपोर्टातले सौम्य बदल पुष्कळदा हेच असतात. त्या घडीला तिथे कर्करोगाचं काही चाललेलं नसतं, विषाणूचा नेहमीचा मुक्काम चाललेला असतो. दहापैकी नऊ जणींचं शरीर साधारण दोन वर्षांत त्याला आवरतं. त्यांना तो आला कधी आणि गेला कधी हेही कळत नाही.

उरलेल्यांत तो टिकून राहतो. टिकलेल्यांपैकी थोड्या जणींत, वर्षानुवर्षांनी, ई ६ आणि ई ७ बेलगाम होतात. बऱ्याच कर्करोगांत विषाणूचं कडं तुटून आपल्या गुणसूत्रात रुतलेलं सापडतं. आणि तसं रुतल्यावर त्याला नवे कण घडवताच येत नाहीत. म्हणजे कर्करोग हा विषाणूचा हेतूच नाही, त्यात त्याचाही वंश खुंटतो. या सगळ्याला बहुतेक वेळा दहा ते वीस वर्षं लागतात. इतकी सवड देणारा कर्करोग विरळा.

धूसर रिपोर्टचं कोडं सुटतं ते इथे. पेशी कशी दिसते यावर वाद घालत बसण्यापेक्षा विषाणू आहे का, असं सरळ विचारायचं. तो नसेल तर तो बदल सूज, कोरडेपणा अशा दुसऱ्या कशामुळे तरी आहे आणि कर्करोगाचा रस्ता तिथून सहसा सुरू होत नाही. असेल, तरच पुढे जायचं.

हे विचारायची पहिली मोठी पद्धत फार देखणी होती. नाव हायब्रिड कॅप्चर. नमुन्यातल्या डीएनएचे दोन धागे अल्कलीने सुटे करायचे. तेरा धोकादायक प्रकारांच्या डीएनएला जुळतील असे आरएनएचे तुकडे त्यात सोडायचे. विषाणू असेल तर त्याच्या धाग्याला हा तुकडा बिलगतो आणि अर्धा डीएनए, अर्धा आरएनए अशी जोडी तयार होते. नेमकी अशीच मिश्र जोडी ओळखणारी प्रतिद्रव्यं भांड्याच्या भिंतीला चिकटवलेली असतात, ती तिला धरून ठेवतात. मग प्रकाश देणारं रसायन घालायचं आणि उजेड मोजायचा. विषाणू असेल तर नमुना उजळतो. पुढे पीसीआरवरच्या चाचण्या आल्या. त्या प्रकाराचा क्रमांकही सांगतात. १६ आहे की १८ की आणखी कुठला हे कळणं महत्त्वाचं, कारण १६ चा धोका बाकी सगळ्यांपेक्षा बराच जास्त.

त्याच अमेरिकी अभ्यासात ॲस्कस रिपोर्ट असलेल्या सुमारे साडेतीन हजार स्त्रिया होत्या. त्यातल्या साधारण निम्म्या जणींमध्ये धोकादायक एचपीव्ही सापडला. ज्यांच्यात कर्करोगापूर्वीचा गंभीर बदल खरोखर होता, अशा दर शंभरपैकी ९६ जणींना विषाणूच्या एका चाचणीने हेरलं. म्हणजे जवळपास अर्ध्या स्त्रियांना दुर्बिणीतून तपासणी, तुकडा काढणं आणि त्यापायीची धास्ती यातून सोडवता येत होतं. एका पायरीवर मात्र हे जमलं नाही. सौम्य बदल स्पष्टच दिसत असतील, रिपोर्टवर 'एलसिल' असेल, तर ८० टक्क्यांहून जास्त जणींत विषाणू निघाला. आणि ते साहजिकच होतं. तो बदलच विषाणूच्या मुक्कामाचा, मग 'तू आहेस का' विचारून नवं काय कळणार?

आतापर्यंतचं सारं परदेशातलं, मोठ्या इस्पितळांतलं. या चाचणीचं सर्वांत मोठं उत्तर मात्र पुण्यापासून काही तासांवरच्या बार्शीने दिलं आहे. ते आपल्याकडे पुरेसं ठाऊक नाही याची मला खंत वाटते.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ पासून तिथे भूम, परांडा आणि बार्शी तालुक्यांतल्या गावांची कर्करोग नोंदणी चालते. भारतातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, आणि त्या नुसत्या बोलण्यानेही बायका आधीच्या टप्प्यावर उपचाराला येऊ लागल्या, हे त्यांनी नोंदींवरून दाखवलं. १९९९ मध्ये बार्शी, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रयोग सुरू केला. ५२ ग्रामसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. चार गट केले. एका गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला एकदाच पॅप, तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला आरोग्यशिक्षण आणि नेहमीची सेवा, तपासणी नाही.

आता त्या काळचं दृश्य मनात आणा. गावात पाळी, पांढरं जाणं हे शब्दही दबक्या आवाजात बोलले जात. काही दुखत नसताना, कसली तक्रार नसताना तपासायला चल म्हणणारी आरोग्यसेविका दारात उभी. तरीही बोलावलेल्या पाचपैकी साधारण चार जणी आल्या. शेतातलं काम, सासू, पोरं, लाज, सगळं बाजूला ठेवून आल्या.

निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात तपासणी न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते. जवळपास तेवढ्याच मोठ्या एचपीव्ही गटात ३४. पॅपच्या आणि नजरेच्या तपासणीच्या गटांत मृत्यू ठामपणे म्हणता येईल इतके घटले नव्हते. आणि माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत मोलाचा आकडा याच्याही पुढचा आहे. ज्यांच्यात त्या एका चाचणीत विषाणू सापडला नाही, त्यांना पुढच्या वर्षांत कर्करोग होण्याचं प्रमाण इतकं कमी होतं की पॅप किंवा नजरेच्या तपासणीत 'काही नाही' ठरलेल्या बायकांचं प्रमाण त्याच्या चौपटीहून जास्त निघालं. पेशी ठीक दिसते, हा आजचा निरोप झाला. विषाणू नाही, हा पुढच्या कित्येक वर्षांबद्दलचा निरोप आहे, कारण ज्याच्यावाचून कर्करोगाची सुरुवातच सहसा होत नाही तोच तिथे नाही. ॲस्कस रिपोर्टनंतर आलेल्या 'एचपीव्ही निगेटिव्ह'वर डॉक्टर निर्धास्तपणे पुढची तारीख तीन वर्षांनंतरची देतात, त्यामागचा भक्कम आधार धाराशिवच्या गावांतल्या या स्त्रियांनीही रचला आहे.

चौथ्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांना तपासणी न देता नुसतं पाहत राहणं योग्य होतं का, यावर नंतर जगभर कडवा वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ मृत्यूंचा उल्लेख केल्याशिवाय या ज्ञानाबद्दल बोलू नये असं मला वाटतं.

पुण्यात हीच चाचणी आणखी दोन वाटांनी पोचली. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी प्रयास या संस्थेत आणि जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात गर्भाशयमुखाच्या तपासणीचं काम झालं. या स्त्रियांची प्रतिकारशक्ती कमी असल्याने एचपीव्ही अधिक जणींत सापडतो आणि अधिक काळ टिकतो. म्हणूनच त्यांची तपासणी पंचविशीपासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुसरी वाट लशीची. २००९ मध्ये देशात एचपीव्हीवरच्या लशीची एक चाचणी सुरू झाली, पुणे आणि बार्शी दोन्ही तिची केंद्रं. मुलींना दोन डोस पुरतात की तीन हवेत, हे बघायचं होतं. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पाभोवती वादळ उठलं आणि सरकारने एचपीव्ही लशीच्या सगळ्या चाचण्या थांबवल्या. जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला, पुढचे राहिले ते राहिलेच. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, आणि मग त्यांच्या नमुन्यांना तोच प्रश्न विचारला: विषाणू आहे का, आणि तो टिकला आहे का? २०२१ मध्ये उत्तर आलं. एका डोसनेही १६ आणि १८ च्या टिकणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळालं होतं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा मानला, त्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता. त्याच २०२२ च्या जुलैमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही लशीला परवानगी मिळाली.

पण 'पॉझिटिव्ह' हा शब्द घरात काय करतो, तेही बोलायला हवं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढं कळलं की पहिली नजर नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाते. ती चुकीची आहे. लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी भेटतोच, आणि वर्षानुवर्षं गप्प राहून पुन्हा दिसूही शकतो. आज सापडला म्हणजे काल आला, असा हिशेब त्याच्याबाबत मांडताच येत नाही. कोणाच्या वागण्याचा दाखला म्हणून हा रिपोर्ट वापरू नये.

दुसरी भीती अधिक घातक आहे: 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.' २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं एवढ्यावरून कर्करोगाची धास्ती घातली गेल्याचं त्यातल्या कितीतरी जणींनी सांगितलं. ॲस्कस आणि एलसिल हे गर्भाशय काढण्याचं कारण नव्हे. विषाणू पॉझिटिव्ह आला, तरी पुढची पायरी म्हणजे कोल्पोस्कोपी, दुर्बिणीतून नीट पाहणं, आणि गरज वाटली तर कणभर तुकडा तपासायला घेणं. गंभीर बदल निघालाच, तर तेवढाच भाग गोठवून, तापवून किंवा तारेच्या कड्याने काढता येतो. गर्भाशय जागच्या जागी राहतं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवाव्यात. तिशीच्या आत विषाणू इतका येत-जात असतो की सरसकट चाचणीने घबराटच वाढते. आणि संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. थोडे कर्करोग या चाचणीलाही चकवतात.

आता जगात प्रश्नांचा क्रमच उलटतो आहे. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया यांनी २०१७ पासून आधी विषाणू शोधायचा आणि तो सापडला तरच पेशी पाहायच्या, असं ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट असं की २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा अशी भरवशाची चाचणी व्हावी. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ या काळात तिशी ते पन्नाशीतल्या अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी कुठलीही तपासणी कधीतरी करून घेतली होती. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या वर स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास जीव जातात.

एवढी दरी भरेल असं मला वाटतं, ते विषाणूच्या चाचणीच्या एका गुणामुळे. पेशी बघायला चांगली काचपट्टी लागते, ती वाचायला तज्ज्ञ लागतो. विषाणू शोधायला त्याचा डीएनए पुरतो, आणि तो बाईने आडोशाला जाऊन स्वतः घेतलेल्या नमुन्यातही सापडतो. तपासणीच्या टेबलावर झोपायची गरज नाही, कोणापुढे संकोच नाही. २०२५ मध्ये देशी बनावटीच्या एचपीव्ही चाचण्यांच्या पडताळणीचे निष्कर्ष जाहीर झाले. त्या कामात मुंबईत परळला असलेल्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेची प्रयोगशाळा होती. पडताळलेल्या चाचण्यांत एक पुण्याच्या मायलॅब कंपनीची आणि दुसरी गोव्याच्या मोलबायो कंपनीची, ट्रूनॅट या छोट्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावरची. क्षयरोगासाठी आणि पुढे कोविडसाठी ही यंत्रं सरकारी आरोग्य केंद्रांत आधीच पोचली आहेत. एचपीव्हीसाठी त्यात फक्त वेगळी चिप बसवावी लागते.